‘क्लोज-निट’ ही स्तुती नव्हे

मागच्या महिन्यात भाचीचा लग्नाचा बायोडेटा तयार करायला आम्ही बसलो होतो. इंग्रजी मजकूर तिच्या वडिलांनी लिहिला होता, मराठी मी करायचं होतं. ‘कुटुंबाविषयी’ या रकान्यात पहिलंच विशेषण आलं, ‘क्लोज-निट’, शब्दशः घट्ट विणलेलं, आणि मी तिथेच अडले. बहीण म्हणाली, ‘एकत्र कुटुंब’ लिही. पण घरात माणसं तीन, त्याला एकत्र कुटुंब कसं म्हणणार? मेव्हण्यांनी ‘जिव्हाळ्याचं’ सुचवलं, आत्यांना ‘संस्कारी’ हवं होतं. भाची इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “मावशी, त्याचा अर्थ एवढाच की आमच्यात सगळ्यांना सगळं कळतं.” ती चेष्टेत बोलली नव्हती.

आपल्याकडच्या एका मोठ्या वादाच्या मुळाशी हाच शब्द आहे. चाळी पाडून टॉवर उभे राहतात तेव्हा एक बाजू हळहळते की क्लोज-निट समाज संपला, आता शेजारी कोण राहतं तेही कळत नाही. दुसरी बाजू म्हणते, १६० चौरस फुटांची खोली आणि सार्वजनिक संडासाची रांग यांना जवळीक म्हणू नका. एकत्र कुटुंब, गाव, जातीची वसतिगृहं, परदेशातली महाराष्ट्र मंडळं, विषय कुठलाही असो, वादाची तऱ्हा हीच. एकाला तो शब्द आशीर्वाद वाटतो, दुसऱ्याला बेडी. माझं म्हणणं असं की दोघंही शब्दावर तो उचलू शकणार नाही एवढं ओझं टाकत आहेत. ‘क्लोज-निट’ हे मोजमाप आहे. वीण किती घट्ट आहे एवढंच ते सांगतं. त्या विणीतून ऊबदार स्वेटर झाला की जाळं, हे ते सांगत नाही, आणि आपण मात्र त्याच्यावर विसंबून माणसांना प्रमाणपत्रं वाटतो.

शब्दाचं कूळ बघितलं तरी हे दिसतं. जुन्या इंग्रजीत ‘निट’ म्हणजे गाठ मारणं. गाठीला इंग्रजीत जो ‘नॉट’ म्हणतात तो याचाच भाऊबंद. दोघांच्याही सुरुवातीला आज मुका झालेला ‘के’ आहे. सुया आणि लोकर हा अर्थ नंतरचा. बायबलच्या १६११ च्या किंग जेम्स इंग्रजी भाषांतरात शौल राजाचा मुलगा योनाथान याचा जीव त्याचा मित्र दाविद याच्या जिवाशी ‘निट’ झाला असं म्हटलं आहे, म्हणजे जिवाला जीव बांधला गेला. मूळ हिब्रूत तिथे ‘काशर’ हा धातू आहे. त्याचा अर्थ बांधणं, आणि त्याच धातूचा दुसरा अर्थ कट करणं. बायबलमधल्या त्याच पुस्तकात, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, चार अध्याय पुढे शौल राजा आपल्या माणसांवर संतापतो, तुम्ही सगळे माझ्याविरुद्ध कटात आहात, माझ्या मुलाने दाविदाशी करार केला तरी मला कोणी सांगत नाही. तिथेही हाच धातू आहे. दोन तरुणांमधलं नातं एकच. आतून बघणाऱ्याला ती जिवाची गाठ, बाहेरून बघणाऱ्या बापाला तोच कट. इतक्या जुन्या ग्रंथाने एका धातूत जे ओळखलं, ते आपण वर्तमानपत्राच्या चर्चेत का विसरावं?

दुसरा तुकडा ‘क्लोज’. जवळचा या अर्थी इंग्रजीत त्याचा उच्चार ‘क्लोस’ असा होतो. आपण मराठीत ‘क्लोज’ म्हणतो, तो खरं तर दार लावण्याचा उच्चार. पण दोन्ही शब्द लॅटिनमधल्या एकाच क्रियापदातून आले आहेत, आणि त्याचा अर्थ बंद करणं. जवळ असणं आणि बंद असणं मुळात शेजारी-शेजारी आहेत. आपल्या उच्चारात ते शेजारपण नकळत उरलं आहे.

समाजशास्त्रात हा शब्द आला तो मोजमाप म्हणूनच. १९५७ साली एलिझाबेथ बॉट यांनी लंडनमधल्या २० कुटुंबांचा अभ्यास पुस्तकरूपाने मांडला. त्यांचा प्रश्न साधा होता. तुम्ही ज्यांना ओळखता ती माणसं तुमच्याशिवायही एकमेकांना ओळखतात का? ओळखत असतील तर तुमचा गोतावळा घट्ट विणीचा, नसतील तर सैल विणीचा. प्रेम किती, मदत किती, याचा त्या व्याख्येत संबंधच नाही. आणि त्यांच्या हाती काय लागलं? नवरा-बायकोंचे गोतावळे जितके घट्ट विणलेले, तितकी घरातली कामं ‘पुरुषांची’ आणि ‘बायकांची’ अशी काटेकोर वाटलेली. जिथे वीण सैल, तिथे जोडपं एकमेकांवर जास्त टेकलेलं, कामं मिळून करणारं. हे वाचताना मला माझ्या सासरचं माजघर आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत नवरा माझ्याबरोबर भाजी निवडायला बसला. कोणी रागावलं नाही. पण पाच मिनिटांत दोघी सासवा आणि तिन्ही जावा दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यातली थोरली प्रेमाने म्हणाली, “भाऊजी, उठा, आम्ही आहोत ना.” तो उठला. पुढे त्या घरात तो कधी भाजी निवडायला बसला नाही. त्या बायकांनी माझ्या दोन्ही बाळंतपणांत रात्री जागून काढल्या आहेत, हेही तितकंच खरं. एकाच विणीने दोन्ही केलं.

विणीचीच गोष्ट निघाली आहे तर ती नीट बघितली पाहिजे, कारण मराठीत इथे एक घोटाळा होतो. मागावर कापड विणतात आणि सुयांवर स्वेटरही विणतात. आपल्याला दोन्हींना एकच क्रियापद. मागावर दोन दिशांचे धागे असतात, ताणा आणि बाणा, एकमेकांना छेदून जाणारे. सुयांवर धागा एकच, फासात फास अडकवत पुढे जाणारा. इंग्रजी विशेषणाने हे दुसरं विणकाम उचललं आहे. म्हणून त्यात ताण आला की सगळंच ओढलं जातं, आणि एक टाका सुटला की ओळीच्या ओळी उकलत जातात.

माझी आई बाळंतविडे विणायची. तिचा हात घट्ट. टाके इतके आवळलेले की सुई आत शिरताना करकर वाजायची. मामेभावाच्या पहिल्या मुलासाठी तिने पिवळा स्वेटर विणला. वीण इतकी एकसारखी की दुकानातला वाटावा. घालायला गेलो तर गळा बाळाच्या डोक्यातून जाईना. बाळ रडून लालबुंद झालं. शेजारच्या काकूंनी स्वेटर हातात घेतला, गळ्याची कड ताणून बघितली आणि म्हणाल्या, “अंग घट्ट असू दे गं, पण गळ्याचे टाके बंद करताना एक नंबर मोठी सुई घ्यायची. डोकं आत-बाहेर व्हायला नको का?” आईने ती कड उकलली आणि पुन्हा बंद केली. अंगाचा एकही टाका सैल केला नाही. समाजाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते काकूंनी तेव्हाच म्हटलं होतं. वीण घट्ट आहे की सैल, एवढं विचारून भागत नाही. आत येणाऱ्याला वाट आहे का, आणि बाहेर पडणाऱ्याला वाट आहे का, हे विचारावं लागतं.

आता हळहळणाऱ्यांची बाजू. ती कच्ची नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात रोझेटो नावाचं गाव आहे, इटलीतल्या एकाच गावाहून आलेल्या लोकांनी वसवलेलं. तिथे हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण शेजारच्या बँगोर गावापेक्षा बरंच कमी आहे, हे १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं. खाणंपिणं, तंबाखू, कशानेच ते उलगडेना. तीन पिढ्या एका घरात, रोजची ये-जा, गरीब-श्रीमंतीचं प्रदर्शन नाही, यातच त्यांना कारण दिसलं. पुढे नव्या पिढीचं राहणीमान इतर अमेरिकेसारखं झालं आणि तो फरकही मिटला. लांब कशाला जा? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. पगार बंद झालेली ही घरं इतके महिने कशावर तगली? गावाकडून आलेल्या तांदळावर, वाण्याच्या उधारीवर, खाणावळवाल्या बायकांच्या भाकरीवर, गावाकडे पाठवलेल्या मुलाबाळांना सांभाळणाऱ्या भावकीवर. त्याआधीही कोकणातून आलेला पोरगा उतरायचा तो गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत, गोव्याहून आलेला खलाशी आपल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावाच्या नावाने चालणाऱ्या सामायिक बिऱ्हाडात. शहरात त्यांना कोणी कर्ज देत नव्हतं, घर देत नव्हतं. गावाच्या नावावर पथारी मिळत होती. आणि भाषा? तंजावरची मराठी साडेतीनशे वर्षं तमिळ मुलखात घरात बोलली गेली. सैल विणीच्या माणसांकडून ते झालं नसतं. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टच्या कामगार वस्त्यांत भाषाशास्त्रज्ञ लेस्ली मिलरॉय यांनी हेच दाखवलं होतं, की गोतावळा जितका घट्ट तितकी वस्तीची बोली टिकते.

हे सगळं मी मान्य करते, मनापासून. पण त्याच गिरण्यांच्या आत जाऊन बघा. कामाला लावणारा मुकादम, आणि तो आपल्या गावच्या, आपल्या नात्याच्या, आपल्या जातीच्या माणसाला आधी आत घेणार. ज्याचा मुकादम नाही तो फाटकाबाहेर. गिरणीत सर्वांत जास्त पगाराच्या कामांत विणकामाचं खातं, म्हणजे साचाखातं, येत असे, आणि तिथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. कारण असं दिलं जाई की धोट्यातली (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातली) सुताची कांडी संपली, की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागतो. त्याचं तोंड लागलेल्या धोट्याला आम्ही तोंड कसं लावायचं? म्हणून दलितांनी कमी पगाराच्या सूतकताई खात्यात राहायचं. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मज्जाव उठवण्याची मागणी कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवली, आणि तिला जागा मिळवायलाही त्यांना झगडावं लागलं. भांडवलदाराविरुद्ध खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले कामगार, एकीची गाणी गाणारे, आणि त्यांच्यातच एका धाग्यावरून हे दार बंद. कापड विणणाऱ्या माणसांची ही घट्ट वीण होती. तिला निव्वळ ‘जिव्हाळा’ म्हणून इतिहासात नोंदवायचं का?

यावर एक उत्तर नेहमी येतं, आणि ते ताकदीचं आहे. दोष जातीचा आहे, जवळिकीचा नाही. विष वेगळं आणि भांडं वेगळं. मलाही बराच काळ हे पटत असे. मग वाळीत टाकण्याच्या घटना नीट वाचायला लागले आणि पटेनासं झालं. वाळीत टाकणं म्हणजे करतात काय? दुकानदार सामान देत नाही, विहिरीवर कोणी बोलत नाही, लग्नाला बोलावत नाहीत, मयताला खांदा द्यायला माणूस येत नाही. शिक्षा म्हणून यातलं काय उगारता येतं? जे एरवी मिळत होतं तेच. ज्या वस्तीत कोणी कोणाच्या मयताला जातच नाही, तिथे मयताला न जाणं ही शिक्षा कशी होईल? बहिष्काराची धार जवळिकीवरच लावलेली असते. भांडं आणि विष इथे वेगळं करता येत नाही. म्हणूनच महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद असलेला. जात पंचायतींविरुद्धची मोहीम उभारून त्यासाठी जमीन तयार करणाऱ्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकर होते. कायदा बघायला ते राहिले नाहीत. त्याआधी १९४९ मध्ये मुंबई प्रांताने जातबहिष्काराला बंदी करणारा कायदा केला होता. तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, धर्मसंस्थेला आपले सभासद वगळण्याचा हक्क आहे या आधारावर. म्हणजे घट्ट समाजातून बाहेर पडणाऱ्याचं किंवा बाहेर काढलं जाणाऱ्याचं काय, हा प्रश्न आपल्या विधिमंडळासमोर आणि न्यायालयासमोर पुन्हा पुन्हा आला आहे. चर्चेत मात्र तो आपण ‘जुने दिवस किती छान’ आणि ‘जुने दिवस किती वाईट’ यात वाटून टाकतो.

घट्ट विणीचा आणखी एक तोटा आहे, आणि तो आतल्या माणसांचाच. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं होतं, ज्याच्याकडून खबर मिळाली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता? ‘वारंवार’ म्हणणारे शंभरात जेमतेम सतरा. बाकीच्यांना खबर मिळाली ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून. कारण उघड आहे, रोजच्या माणसांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊकच असतं. याच निबंधात बॉस्टनच्या वेस्ट एंड भागाची गोष्ट येते. इटालियन कामगारांची वस्ती, नात्यागोत्याने बांधलेली, घराघरांत रोजचं जाणं-येणं. नगर-सुधारणेच्या नावाखाली १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती पाडली गेली, आणि इतकी घट्ट माणसं एकजूट करून तिला वाचवू शकली नाहीत. ग्रॅनोव्हेटरचं स्पष्टीकरण असं की प्रत्येक टोळकं आतून पक्कं होतं, पण एका टोळक्याला दुसऱ्याशी जोडणारी सैल ओळख नव्हती. पुढारी एकाचा, तर दुसऱ्याचा त्याच्यावर विश्वास कसा बसणार? पुनर्विकासाच्या सभांत मी हे स्वतः पाहिलं आहे. एकाच मजल्यावर तीस वर्षं वाटीने साखर घेणाऱ्या बायका, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या समितीवर मात्र संशय. बिल्डरला एवढंच पुरतं.

म्हणून मग दुसऱ्या बाजूला जाऊन म्हणायचं का, की सैल तेच चांगलं, ज्याने त्याने आपलं बघावं? बाबासाहेबांचं नाव घेऊन असं म्हणणारे मला भेटतात, आणि तेही चुकतात. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी गावाला संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा म्हटलं, हे खरं. पण त्यांना हवं होतं ते एकटेपण नव्हतं, बंधुता होती. महारकी सोडल्याबद्दल गावांनी बहिष्कार टाकले तेव्हा ती माणसं टिकली ती वस्तीच्या एकीवर. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, ती सुटी सुटी माणसं नव्हती; वस्त्याच्या वस्त्या निघून आल्या होत्या. वीण घट्ट होती आणि तिचं तोंड उघडं होतं. घट्टपणाने माणसांना दाराबाहेर पाऊल टाकायचं बळ दिलं. गावकी आणि ही वस्ती, दोन्हींना इंग्रजीत ‘क्लोज-निट’च म्हणतील. मग त्या विशेषणाने आपल्याला सांगितलं काय?

मराठी या बाबतीत जास्त सावध आहे, आणि मला तिचा अभिमान वाटतो. घरोबा, सलगी, गट्टी, जिव्हाळा, एकी, गोतावळा, भावकी, गावकी. प्रत्येकाची चव निराळी. घरोबा दोन घरांत होतो, तो रक्ताचा असायला लागत नाही. जिव्हाळा एकट्यालाही दुसऱ्याविषयी असू शकतो. एकीला समोर कोणीतरी लागतं. आणि भाऊबंदकी! भावाभावांचं बंधन सांगणारा शब्द, पण त्याचा रूढ अर्थ भांडण. शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा ते चुलत्याला, रघुनाथरावांना, मिठी मारून बसले होते असं बखरी सांगतात. ज्या भाषेने ते पाहिलं, आणि ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण घडवली, ती नुसत्या जवळिकीला भुलणारी नाही. तरीही आपण बायोडेटात, जाहिरातीत, श्रद्धांजलीत हे सगळे शब्द बाजूला सारून ‘क्लोज-निट’ लिहितो, कारण त्यात काहीच कबूल करावं लागत नाही.

बायोडेटाचं काम त्या संध्याकाळी पुरं झालं. विशेषण काढून टाकलं आणि त्याजागी मी दोन वाक्यं लिहिली: ‘आम्हा तिघांचे रोज एकमेकांशी बोलणे होते. मुलगी स्वतःचे निर्णय स्वतः घेते आणि घरी विचारते.’ मेव्हण्यांनी कागद हातात घेतला, दुसरं वाक्य पुन्हा एकदा वाचलं, लेकीकडे बघितलं. मग माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि ‘विचारते’ खोडून ‘सांगते’ असं केलं.